शातो-ग्रिये 2014: आता उघडावी की अजून ठेवावी?

बूचवाला: मुंबईत शातो-ग्रिये या फ्रेंच पांढऱ्या वाइनची एक बाटली आहे, 2014 ची. ती व्हियोनिए द्राक्षाची, आणि व्हियोनिए दोन-तीन वर्षांत संपवावी म्हणतात. मग ही गेली का? उघडायची तर किती थंड?

तळघर: तो नियम शेजारच्या कोंद्रिए भागातल्या वाइनला बऱ्यापैकी लागू पडतो, ग्रियेला नाही. द्राक्ष तेच, फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्याचा उत्तर भागही तोच. पण हा जेमतेम साडेतीन हेक्टरचा, एकाच मालकाचा मळा आणि 1936 पासून त्याचं स्वतःचं आपेलासिओं, म्हणजे कायद्यानं ठरवून दिलेलं वाइनक्षेत्र. व्हियोनिएत आंबटपणा मुळातच कमी. जास्त पिकू दिली की जर्दाळूचा घमघमाट सुटतो, पण वाइन तेलकट आणि सुस्त होते. ग्रियेचा भर घमघमाटावर नसतोच. वर ओकच्या पिंपात दीडेक वर्ष, त्यातही नवी पिंपं थोडीच. म्हणून कोवळ्या वयात ती मुकी वाटते आणि लोक "एवढे पैसे कशाला" म्हणतात. चांगल्या सालाची दहा-पंधरा वर्षं सहज टिकते. (2011 पासून मळा फ्रांस्वा पिनोंकडे आहे, बोर्दोतल्या शातो लातूर या वाइन-मळ्याचे मालक, म्हणजे तुमची बाटली नव्या कारभारातली.)

दिंडोरीकर: साल नंतर बघा, आधी ती ठेवली कुठे होती ते सांगा. बूच बाटलीच्या तोंडावर आलंय का? कडेनं चिकट ओघळ? म्हणजे उन्हाळ्यात तापली. रंग गडद सोनेरी असेल तर हरकत नाही, तपकिरी झाक मात्र वाईट. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला तर हवा लागलीय, त्यावर इलाज नाही.

बूचवाला: बूच जागेवर आहे, रंग सोनेरी. पण वर्षभर घरच्या फ्रिजमध्ये आहे.

दिंडोरीकर: तिथून काढा. चार अंशांवरची कोरडी हवा बूच सुकवते, मग ते आकसतं. वाइन कॅबिनेट असेल तर 12-13 अंशांवर आडवी ठेवा. नसेल तर महिन्याभरात उघडा.

तळघर: आदल्या दिवशी उभी करा, गाळ बसेल. 12-13 अंशांवर प्या. फ्रिजमधून थेट ओतली तर वास बंद आणि कडवटपणा पुढे. 16 च्या वर अल्कोहोल नाकात जातं. तासभर आधी डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा देणाऱ्या काचेच्या सुरईत, ओता, ग्लास मोठ्या पोटाचा घ्या.

बूचवाला: सोबत कोळंबीचं कालवण?

दिंडोरीकर: लाल तिखट आणि आमसुलापुढे ही वाइन पार झोपेल. कोळंबी नारळाच्या दुधात करा, मिरची एखादीच, आंबट अजिबात नको. लोण्यातला शेवंड मिळाला तर प्रश्नच मिटला.