मदत हवी आहे: कर्टुलीला फुलं भरपूर, फळ एकही नाही

बांधावरची_जाई: वेल मांडवभर पसरलाय. पिवळी फुलं येतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळून जातात. शेणखत झालं, राख झाली. आता काय घालू? श्रावण संपत आला, लवकर सांगा.

मुरूममाती: आधी सांगा, वेल किती? बी लावलं की कंद? आणि फुलाच्या खाली बारीक काटेरी बोंड दिसतं का?

रानवाटा: खत बंद करा, सगळी ताकद पाल्यात जाते. ही डोंगरउताराची, करवंदाच्या जाळीवर चढणारी वेल. मुरमाड जमीन, पाणी न साचणारी जागा, थोडी सावली, एवढंच तिला लागतं.

बांधावरची_जाई: वेल दोन. गेल्या वर्षी ज्या वेलाला फळं होती, त्याचेच दोन कंद मिळाले होते. बोंड आहे दोन्हींवर. पिवळं पडून गळतं.

मुरूममाती: मग खताचा प्रश्नच नाही. कर्टुलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. एकाच वेलाचे कंद म्हणजे दोन्ही माद्याच. पराग नाही म्हणून बोंड गळतं. नराच्या फुलाखाली बोंड नसतं, देठावर फुलाला लागून टोपीसारखं पान असतं.

कुडाळकर: त्यालाच वांझ कर्टुली म्हणून लोक उपटून टाकतात, आणि मग कुंपणावरच्या माद्याही रिकाम्या राहतात. आमच्याकडे फागलां म्हणतात हो.

वऱ्हाडी_मळा: आमच्याकडे काटवल. भाजी करताना कोवळ्या बिया काढू नका, चव त्यातच आहे.

रानवाटा: रानातून एक नर कंद खणून आणा, काम संपलं.

मुरूममाती: नका आणू. भर पावसात, वेल वाढत असताना खणलेला कंद बहुतेकदा कुजतो, आणि तिथल्या माद्यांचा नर जातो तो वेगळाच. फुलं आणा, तेवढ्याने भागतं. उद्या उमलतील अशा नर कळ्या दुपारी देठासकट तोडून पाण्यात ठेवा. ही फुलं संध्याकाळी उमलतात, सकाळी हात लावून उपयोग नाही. अंधार पडायच्या सुमारास नराच्या पाकळ्या काढून परागकोश मादीच्या ताज्या फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. देठाला दोरा बांधून खूण करा. बोंड हिरवं राहून फुगलं की जमलं.

बांधावरची_जाई: ‘उद्या उमलतील’ म्हणजे आज तोडून उद्या?

मुरूममाती: चुकलं माझं. त्याच संध्याकाळी उमलणाऱ्या, फुगून टोकाला पिवळ्या झालेल्या कळ्या.

कुडाळकर: फळ धरलं की कागदी पिशवी घाला, नाहीतर फळमाशी डंख मारते आणि आत अळ्या होतात.

रानवाटा: पुढच्या वर्षासाठी बीच लावा मग.

मुरूममाती: बी चालेल, पण पिकून तांबडं झालेल्या फळाचं, गर धुऊन. कवच टणक, उगवण सावकाश. आठ-दहा लावा, कारण नर की मादी हे फूल आल्यावरच कळतं. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. आणि जाई, हिवाळ्यात वेल वाळला की कंदाला पाणी तोडा. झोपलेला कंद ओला राहिला की सडतो.

बांधावरची_जाई: ओढ्याकाठच्या कुंपणावर बोंड नसलेली फुलं आहेत. आज दुपारीच कळ्या आणते.