स्वतःच्या मापाचं क्रोशे : छाती ४४ इंचांच्या पुढे असलेल्यांनी अनुभव लिहा

क्रोशाची सुई हातात धरून मला पंचवीस वर्षं झाली. रुमाल, तोरणं, भाच्यांची कुंची, मोजे, जावेच्या ड्रेसला लेस, सगळं केलं. स्वतःसाठी मात्र काही नाही. "एवढ्या अंगाला केवढी लोकर लागेल!" हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या आधी मीच म्हणायचे.

गेल्या दिवाळीत धीर केला. माझी छाती ४८ इंच, म्हणून लिखित नमुन्यातलं (पॅटर्नमधलं) टू-एक्स, म्हणजे ४८-५० इंचांचं माप धरलं आणि शब्द न् शब्द पाळून टॉप विणला. गळा खांद्यावरून घसरत होता, मुंढा कमरेकडे निघाला होता, आणि तरीही बाही दंडाला काचत होती. एकाच कपड्यात सैल आणि घट्ट दोन्ही! दोन दिवस वाटलं, आपलंच अंग वेडंवाकडं आहे.

मग क्राफ्ट यार्न कौन्सिल या अमेरिकेतल्या लोकर-उद्योगाच्या संस्थेचा मापांचा तक्ता नीट वाचला. वन-एक्सपासून फाइव्ह-एक्सपर्यंत छाती ४४-४६ वरून ६०-६२ वर जाते, म्हणजे १६ इंच वाढ. त्याच प्रवासात पाठीची रुंदी साडेसतरावरून साडेअठरा होते. फक्त १ इंच! दंड मात्र साडेतेरावरून साडेएकोणीस, म्हणजे ६ इंच. माणूस काही फुग्यासारखा सगळीकडून सारखा फुगत नाही. बरेच नमुने तसा फुगवतात, आणि चुकलं की आपण आरशाला दोष देतो. त्यात माझा दंड १७, तक्त्यातल्या टू-एक्सचा साडेपंधरा. काचणारच.

तर काय जमलं, काय फसलं, दोन्ही लिहा. "आधी वजन कमी करा" हा सल्ला मला घरीच फुकट मिळतो, इथे नको.

*

नाशिकहून लिहितेय. रंगीबेरंगी चौकोन जोडून कार्डिगन केलं, अ‍ॅक्रिलिक लोकरीचं. दोन महिने लागले. घालून बाहेरच्या खोलीत आले तर नवरा म्हणाला, "सोफ्याचं कव्हर पूर्ण झालं वाटतं." चिडले, पण खोटं नव्हतं. चौकोनाला चौकोन जोडला की खोकाच तयार होतो, कंबर नाही की काख नाही. वर लोकर ताठ, त्यामुळे ते अंगाभोवती उभंच राहायचं.

कार्डिगन वाया जाता जाता वाचलं ते एका मैत्रिणीमुळे. तिने इस्त्रीची नुसती वाफ द्यायला सांगितलं, इस्त्री टेकवायची नाही, दोन बोटं वर धरायची. अ‍ॅक्रिलिक मऊ पडून लोंबायला लागतं. पण हा एकेरी रस्ता आहे, एकदा मऊ पडलं की परत ताठ होत नाही. कफ आणि कॉलरला वाफ लावू नका. मी लावली.

*

डोंबिवली. आमच्याकडे लोकर घालायची सोय नाही, म्हणून सुती दोरा. कुर्ती केली, गुडघ्याच्या चांगली वर. वजन भरलं ७०० ग्रॅम. सकाळी लोकलमध्ये चढले तेव्हा मांडीपर्यंत होती, संध्याकाळी उतरले तेव्हा गुडघ्याला टेकत होती. अक्षरशः चार बोटं वाढली होती. सुती दोऱ्याला ओढ सोसवते पण परत आखडणं जमत नाही, आणि आपल्या मापात कपडा मोठा म्हणजे वजन जास्त, म्हणजे ओढही जास्त. लहान मापाच्या मुलींना हा प्रश्न एवढा येत नाही, म्हणून नमुन्यात कुणी लिहितही नाही.

आता मी काय करते : आधी त्याच दोऱ्याचा एक लहान तुकडा विणून बघते, धुते, आणि दोन दिवस दोरीवर टांगते, खाली चार-पाच चिमटे लावून. टांगल्यानंतरचं माप खरं धरते. खांद्याच्या शिवणीवर आतून स्लिप स्टिचची (जवळजवळ उंची नसलेल्या सरकत्या टाक्याची) एक ओळ घालते, गळ्याभोवतीही. साडीला फॉल लावावा तसं. तेवढ्याने गळा पसरायचा थांबला.

"केवढी लोकर लागेल" यावरही एक उपाय आहे. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. माझा ५ ग्रॅम भरला. घेर १२० सेंमी, लांबी ६०, म्हणजे ७२ तुकडे, म्हणजे ३६० ग्रॅम. बाह्यांचं असंच वेगळं काढा आणि वर शंभरेक ग्रॅम जास्त घ्या. तुळशीबागेत मागे एकदा "एवढी लोकर कुणासाठी?" असं विचारलं होतं. आता मी आकडा कागदावर लिहून नेते आणि सरळ सांगते, माझ्यासाठी.

*

मी सांगलीची, वय ६७. नमुने-बिमुने मला वाचता येत नाहीत, पण पोलकी शिवण्यात जन्म गेला. मुलींनो, तुम्ही भरल्या छातीचं माप घेऊन खांदा कापताय तिथेच चुकतंय. टेप काखेतून वर चढवून छातीच्या वरून माप घ्या. माझं ते ४३ येतं आणि भरलं माप ४८. खांदा, गळा, पाठ ४३ ची करायची. उरलेले पाच इंच फक्त पुढच्या भागाला द्यायचे, पाठीला त्यातलं काही नको.

आणि रुंदी देऊन भागत नाही, लांबीही लागते. पुढचा भाग पाठीपेक्षा दोन-अडीच इंच लांब नसेल तर तो वर उचलला जातो आणि पोटावर आखूड दिसतो. मग सगळ्याजणी दिवसभर पुढून ओढत बसतात. कापडाला आपण टक्स घेतो, क्रोशाला अर्ध्या ओळी घ्यायच्या. छातीपाशी आलं की काखेपर्यंत जायचं नाही, आठ-दहा टाके आधीच वळायचं, दुसऱ्या बाजूलाही तसंच. पुढच्या वेळी आणखी आधी वळायचं. वळताना टोकाला आधी खांब, मग अर्धा खांब, मग मुका खांब, म्हणजे उंच टाक्यापासून बुटक्याकडे असं उतरत आणा, नाहीतर पायऱ्या दिसतात. शेवटी एक पूर्ण ओळ घातली की काही कळत नाही. सुनेला असं करून दिलं, तिला वाटलं विकतचं आहे.

*

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? पुणे, छाती ५२ इंच. बिनबाह्यांचं स्वेटर माझ्या मापाचं मिळत नाही, मिळालंच तर तंबू असतो.

काकूंसारखी कला माझ्याकडे नाही, मला आकडेमोड येते. ५२ इंच म्हणजे १३२ सेंमी, त्यात ८ सेंमी सैलपणा धरून १४०. माझ्या हाताने १० सेंमीत १६ टाके बसतात, म्हणजे २२४ टाके. आता हात जरा सैल पडून १६ ऐवजी १५ टाके बसू लागले, तर तेच २२४ टाके १४९ सेंमी होतात. नऊ सेंमी फरक! मुलाच्या ३० इंची स्वेटरमध्ये हीच चूक साडेपाच सेंमीची असते आणि "वाढता आहे, पुढच्या वर्षी होईल" म्हणून खपून जाते. आपल्याला ती सोय नाही. माझा हात क्रिकेट बघताना सैल पडतो, शेवटच्या षटकांत घट्ट. त्या स्वेटरवर अख्खा सामना वाचता येतो.

आणखी एक खड्डा : अमेरिकी नमुन्यात डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यात त्याच नावाने मुका खांब. माझी पहिली पाठ अर्ध्या उंचीची झाली होती. लोकर कमी लागली म्हणून आधी खूश होतो.

*

एडमंटन, कॅनडा. इथे थंडीमुळे लोकर अंगावर असतेच, त्यामुळे प्रयोग भरपूर झाले. गळ्यापासून खाली विणायचा रॅगलन (गळ्यापासून काखेपर्यंत चार तिरक्या रेषांवर टाके वाढवत नेलेला स्वेटर) मला आवडतो, कारण मध्येच घालून बघता येतो. पण आपल्या मापात त्याचा एक त्रास आहे. चारही रेषांवर दोन्ही बाजूंना सारखे टाके वाढवत गेलं की छाती पुरेपर्यंत बाही हत्तीची होते आणि काख पार खाली जाते. हात वर केला की पूर्ण स्वेटर वर.

माझा तोडगा : अंगाच्या बाजूचे टाके प्रत्येक ओळीत वाढवायचे, बाहीच्या बाजूचे एकाआड एक. काखेची खोली साडेनऊ इंच झाली की थांबायचं. छातीला अजून कमी पडत असेल तर ते काखेखाली साखळ्या घालून भरून काढायचं. मी तीन इंच घालते.

*

मडगावहून थोडा वेगळा सूर. सगळ्यांनी मापं सांगितली, छान. पण "शोभून दिसणं" म्हणजे बारीक दिसणंच का? मला पहिल्यापासून काळा आणि गडद निळाच घे म्हणून सांगितलं गेलं. मी मुद्दाम हळदी रंगाचा टॉप केला, जाळीचा, आत पांढरा स्लिप. बसला तर हळदीसारखा रंग काय वाईट दिसतो?

शेजारच्या आजी चॅपलच्या वेदीवरच्या कापडाला लेस विणत, त्यांच्याकडून शिकले. बारीक दोरा आणि मोकळा टाका लोंबतो, जाड लोकरीचा दाट मुका खांब पुठ्ठ्यासारखा होतो, हे त्यांचंच. घेरासाठी मी टाके वाढवतच नाही, सुई बदलते. छातीखाली साडेतीन मिलिमीटरची, एक वीत झाली की चारची, मग साडेचारची. टाके तेवढेच, पण कपडा आपोआप खाली पसरत जातो, पोटाला चिकटत नाही. वाढवल्याची खूणही कुठे दिसत नाही.

*

धागा काढणारीच परत आलेय. हळदी टॉपबद्दल टाळ्या. काकू, काल टेप चढवून वरचं माप घेतलं, साडेबेचाळीस. म्हणजे मी सगळा खांदा साडेपाच इंच मोठ्या बाईचा केला होता!

दिवाळीचा टॉप रात्री उसवला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण लेक गुंडाळायला बसली आणि अर्ध्या तासात पाच गुंडे झाले. कापड एकदा कापलं की गेलं, इथे निदान तेवढं बरं आहे. आता पाठ ४२ ची धरून सुरुवात केलीय, सुई चारची. एडमंटनवाल्या ताई, तुमच्या काखेतल्या तीन इंचांना टाके किती येतात, आणि ते पुढे बाहीत कमी करत नेता की तसेच ठेवता? माझा दंड १७ आहे, तेवढं बघून सांगा. मी काखेपाशीच थांबलेय.