मदत हवी आहे: सतरा वर्षांच्या मुलीची स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पहिली तपासणी, तिथे नेमके काय होते?

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यात राहतो आणि माझी मुलगी सांगलीत बारावीला आहे. तिला तेराव्या वर्षी पाळी आली. सुरुवातीची दोन-तीन वर्षे पाळी पुढेमागे होत असे, आणि ते त्या वयाचेच आहे असे आमच्या डॉक्टरांनीही सांगितले होते. गेल्या वर्षभरात मात्र कधी कधी तीन-तीन महिने पाळीच येत नाही, आणि आली की दहा-बारा दिवस थांबत नाही. पहिल्या दिवसांत तिला दर दीड-दोन तासांनी पॅड बदलावे लागते आणि जिना चढताना धाप लागते. गावातील डॉक्टरांनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, रक्त कमी वाटते असे म्हणाले आणि सांगलीच्या किंवा मिरजेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी दिली.

अडचण इथून पुढची आहे. सासूबाईंचे म्हणणे असे की लग्न न झालेल्या मुलीला अशा दवाखान्यात नेऊ नये, ओळखीचे कोणी भेटले तर नाही नाही ते बोलले जाते, आणि ‘आतून तपासले’ तर मुलीचे कायमचे नुकसान होते. नातीवर त्यांचा जीव आहे आणि त्या पोटीच त्या घाबरतात, त्यामुळे त्यांचे बोलणे उडवून लावणे मला पटत नाही. मुलगी विचारते, ‘आई, तिथे काय करतात गं?’ आणि माझ्याकडे उत्तर नसते. माझी स्वतःची तपासणी झाली ती फक्त दोन्ही बाळंतपणांत, ऐन कळांमध्ये, कोणी काही न सांगता. दुखले म्हणून हुंकार दिला तर दटावले गेले, एवढेच मला आठवते, आणि तेवढ्यावर मुलीला धीर कसा द्यावा ते समजत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की अशा वयाच्या मुलीची आतून तपासणी करतात का, सोनोग्राफी कशी करतात, मी तिच्यासोबत आत थांबावे की बाहेर, आणि जाताना काय तयारी करावी.

प्रतिसाद (मिरज, परिचारिका)

ताई, मी अनेक वर्षे स्त्रीरोग विभागात काम करते. सासूबाईंना वाचून दाखवता यावे म्हणून आधी मुख्य गोष्ट लिहिते. ज्या मुलीचा शरीरसंबंध आलेला नाही, तिची पाळीच्या तक्रारीसाठी योनीमार्गातून तपासणी करण्याची सहसा गरज नसते आणि ती केली जात नाही. क्वचित तशी गरज भासलीच तर डॉक्टरांनी आधी कारण समजावून मुलीला आणि तुम्हाला विचारले पाहिजे. ती अठरा वर्षांखालील असल्यामुळे संमतीची सही तुमची लागेल, परंतु होकार तिचाही हवा.

पहिल्या भेटीचा मोठा भाग बोलण्यातच जातो. शेवटची पाळी कोणत्या तारखेला सुरू झाली, हा जवळजवळ प्रत्येक डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि आमच्या ओपीडीत निम्म्या मुली तिथेच आईच्या तोंडाकडे पाहतात. मागच्या चार-पाच पाळ्या केव्हा सुरू झाल्या आणि केव्हा थांबल्या, दिवसाला किती पॅड लागले आणि रक्ताच्या गाठी पडल्या का, हे तिच्याच हस्ताक्षरात एका कागदावर लिहून आणा. वजन अलीकडे वाढले किंवा उतरले का, तोंडावर मुरुमे किंवा राठ केस येतात का, घरात कोणाला थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हेही विचारले जाईल. नाकातून किंवा हिरड्यांतून वारंवार रक्त येते का, किरकोळ लागले तरी अंगावर काळे-निळे डाग उमटतात का, या प्रश्नांचा पाळीशी काय संबंध असे पालकांना वाटते. काही मुलींमध्ये लहान वयापासून होणाऱ्या अतिरक्तस्रावाचे मूळ रक्त न गोठण्याच्या दोषात असते, म्हणून ते विचारावे लागते.

त्यानंतर वजन, उंची आणि रक्तदाब पाहतात. पापण्या व नखे पाहून रक्ताचा अंदाज घेतात, गळ्याला हात लावून थायरॉइडची सूज आहे का ते बघतात, मानेची त्वचा काळवंडली आहे का ते पाहतात, आणि टेबलावर उताणे झोपवून पोट हलके दाबून पाहतात. खाज किंवा अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार असेल तर बाहेरून पाहण्याची परवानगी मागतील. बहुतेक मुलींची तपासणी एवढ्यावरच संपते.

सोनोग्राफी पोटावरून होते. थंडगार जेल लावून यंत्राचा भाग ओटीपोटावर फिरवतात. त्यासाठी मूत्राशय भरलेले लागते, म्हणून आधी भरपूर पाणी प्यायला सांगतात. आतून करायची सोनोग्राफी वेगळी असते. लग्न झाले आहे का, असे तिथे विचारले जाते ते ही पद्धत ठरवण्यासाठी. त्या केंद्राबाहेर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी असेल आणि बाकावर बहुतेक गरोदर बायका असतील, याची मुलीला आधीच कल्पना द्या. १९९४ च्या कायद्यामुळे ती पाटी प्रत्येक केंद्रात लावावीच लागते.

आणखी एका गोष्टीवरून पुष्कळ घरांत गैरसमज होतात. पाळी चुकलेल्या कोणत्याही मुलीची लघवीची गर्भचाचणी करून घेण्याची पद्धत आहे. तो संशय नसतो. औषध किंवा पुढची तपासणी सुरक्षितपणे ठरवता यावी यासाठी हा नियम सर्वांना सारखाच लावला जातो. ऐन वेळी ‘आमच्या मुलीवर असा आळ?’ असे म्हणून भांडण करणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्या वेळी मुलीची मान खाली जाते ती फार वाईट दिसते. रक्ताच्या चाचण्यांत हिमोग्लोबिन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारे एक संप्रेरक) आणि आवश्यक वाटल्यास रक्त गोठण्याच्या चाचण्या सांगितल्या जातील.

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ (म्हणजेच पीसीओएस, संप्रेरकांच्या बिघाडामुळे पाळी अनियमित होण्याचा विकार) लिहून आले तर लगेच घाबरू नका. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या आठ वर्षांत अंडाशयात अनेक लहान बीजकोश दिसणे सर्वसामान्य असते, आणि म्हणून या वयात केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएसचे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मुलींची पाळी २१ ते ४५ दिवसांनी येणे आणि सात दिवसांपर्यंत राहणे चालण्यासारखे आहे. नव्वद दिवसांहून अधिक खंड पडणे आणि एक-दोन तासांत पॅड भिजणे ही मात्र दाखवण्याची कारणे आहेत, आणि तुम्ही दोन्ही लिहिली आहेत. त्यामुळे बारावीची परीक्षा होईपर्यंत थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (सातारा)

माझी पहिली तपासणी लग्नानंतर झाली, त्यामुळे मुलीच्या बाबतीत जे होणार नाही तेच मी लिहिते आहे. परंतु हा धागा इतरही जणी वाचतील आणि ‘आतून तपासणी’ या दोन शब्दांची भीती सगळ्यांनाच असते.

पोवई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात मी गेले होते. लघवी करून यायला सांगितले, सलवार आणि आतले कपडे उतरवून टेबलावर झोपल्यावर सिस्टरांनी कमरेपासून गुडघ्यांपर्यंत चादर टाकली आणि पाय दुमडून बाजूला घ्यायला सांगितले. बदकाच्या चोचीसारखी दोन पाती असलेले स्पेक्युलम नावाचे एक साधन असते, ते बंद स्थितीत आत सरकवून हळूहळू उघडतात, म्हणजे गर्भाशयाचे तोंड दिसते. मॅडमनी ते आधी माझ्या हातात देऊन दाखवले, ‘आता लावते, खोल श्वास सोडा’ असे म्हणून मगच लावले. ताण जाणवला, गारवा जाणवला, पण मी ज्याला घाबरले होते तसे दुखले नाही. मग हातमोजा घातलेली दोन बोटे आत आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून गर्भाशयाचा आकार पाहिला. सगळे मिळून काही मिनिटेच लागली. दुखल्यास ‘थांबा’ म्हणावे, डॉक्टर थांबतात. लहान मापाचे स्पेक्युलमही असते.

त्याआधी मी एका ठिकाणी गेले होते तिथे मात्र पडदा अर्धा उघडा होता आणि टेबलापलीकडे पुढच्या दोन पेशंट बसलेल्या असताना मला शरीरसंबंधाविषयी प्रश्न विचारले गेले. मी उत्तरे दिलीच नाहीत आणि उपचारही अर्धवट राहिला. ताई, असे झाले तर ‘यांना बाहेर थांबायला सांगा, मग बोलते’ असे म्हणायला मुलीला शिकवून ठेवा. तपासणी पुरुष डॉक्टर करणार असतील तर एखादी स्त्री सोबत हजर असणे हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ साली ज्या रुग्णहक्कांचा समावेश झाला त्यांत तो आहे, तेव्हा मागताना संकोच वाटायला नको.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. मी पहिला प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. पोटावरून सोनोग्राफी करतात हे ऐकून त्यांचा विरोध बराच मावळला, तरी त्यांचा एक प्रश्न राहिला आहे, तो त्यांच्याच सांगण्यावरून विचारते: चुकून काही झाले आणि उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी शंका घेतली, तर डॉक्टर लिहून देतात का? आणि मी आत थांबावे की नाही, ते राहिलेच.

प्रतिसाद (मिरज, परिचारिका)

सासूबाईंनी प्रश्न विचारला हे फार चांगले झाले, कारण बहुतेक घरांत तो मनातच राहतो आणि मुलीचे उपचार लांबतात. योनीच्या तोंडाशी त्वचेची एक पातळ कडा असते. ती मार्ग बंद करणारी नसते, नाहीतर पाळीचे रक्त बाहेर आलेच नसते. तिचा आकार प्रत्येकीचा जन्मतःच निराळा असतो, आणि ती पाहून शरीरसंबंध आला की नाही हे कोणत्याही डॉक्टरांना सांगता येत नाही. त्यामुळे तसे ‘लिहून देणे’ याला वैद्यकशास्त्रात कसलाच आधार नाही. अत्याचार झालेल्या स्त्रियांचा आधी शरीरसंबंध आला होता का हे ठरवण्याच्या नावाखाली केली जाणारी दोन बोटांची चाचणीसुद्धा अशास्त्रीय ठरवून, ती करणे म्हणजे गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले आहे. पोटावरून तपासल्याने तर तिथे काही होण्याचा प्रश्नच येत नाही.

तुम्ही सुरुवातीला आत बसा, कारण घरातील आजारांची माहिती तुम्हीच देऊ शकता. मात्र मधे डॉक्टरांनी ‘आई, जरा पाच मिनिटे बाहेर थांबता का’ असे म्हटले तर मन मोठे करून उठा. मुली आईसमोर गाठी पडतात हेदेखील सांगत नाहीत. कॉलेजातल्या स्वच्छतागृहाची अडचण, जेवण सोडून वजन कमी करण्याचा प्रयत्न, परीक्षेचा ताण, हे सारे त्या पाच मिनिटांत बाहेर येते. एक कायदेशीर बाब मात्र पालकांना आणि मुलींना ठाऊक असावी: अठरा वर्षांखालील मुलीबाबत लैंगिक अत्याचार वा संबंधांची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्यानुसार डॉक्टरांना ती पोलिसांना कळवावीच लागते. त्यापलीकडचे तिचे खासगी बोलणे ती सांगेल तेव्हाच तुम्ही ऐकावे.

आता थोडे तुमच्याविषयी. बाळंतपणानंतर तुमची तपासणी झालेलीच नाही, असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी करण्याचा शासकीय कार्यक्रम आहे. स्पेक्युलम लावून गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात आणि मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहतात. डाग म्हणजे कर्करोग नव्हे, पुढे तपासायला हवे एवढाच त्याचा अर्थ. काही ठिकाणी पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन तपासणे) किंवा एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या विषाणूची) चाचणी करतात. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाचा सहभाग असलेला एक मोठा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत १,३१,७४६ स्त्रियांवर झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणीची संधी मिळालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. त्या स्त्रिया तुमच्या-माझ्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या होत्या, म्हणून मला तो आकडा फार मोलाचा वाटतो. कळा चालू असताना झालेल्या तपासणीशी याची तुलना करू नका. डॉक्टरांना तो अनुभव आधीच सांगा, म्हणजे त्या सावकाश करतील. मुलीसाठी एचपीव्ही लसीबद्दलही विचारून घ्या. पंधराव्या वर्षानंतर तिचे तीन डोस असतात, आणि पुण्यातच तयार झालेली सर्व्हावॅक ही लस २०२३ पासून मिळते.

धागाकर्ती

आम्ही येत्या गुरुवारी जाण्याचे ठरवले आहे. मुलीने तारखांचा कागद केला आहे आणि सासूबाई स्वतःहून सोबत यायचे म्हणत आहेत. मीही माझे दाखवून घेईन. एकच विचारायचे राहिले: त्या दिवशी दोघींपैकी कोणाची पाळी आली तर जावे का?

प्रतिसाद (मिरज, परिचारिका)

मुलीची पाळी आली तरी जरूर या; रक्तस्राव जास्त आहे हीच तक्रार असल्याने तो चालू असताना पाहिलेले बरेच. तुमची चाचणी मात्र पाळी पूर्ण थांबल्यावर करा, आणि आधीचे दोन दिवस योनीत औषध किंवा गोळी ठेवू नका व संबंध टाळा. सकाळच्या ओपीडीत केसपेपर लवकर काढा, गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा, मुलीला नाश्ता करूनच आणा. सोनोग्राफी त्याच दिवशी सांगितली तर ती होईपर्यंत तिला लघवीला जाऊ देऊ नका, आणि सोबत पाण्याची मोठी बाटली व जास्तीचे पॅड असू द्या.