'फेमिनिस्ट फॉरेन पॉलिसी'ला मराठीत काय म्हणायचं?

पेन्सिलटोक
एका लेखाचं भाषांतर करतेय, विषय फेमिनिस्ट फॉरेन पॉलिसी, म्हणजे देशाने परराष्ट्र व्यवहार स्त्री-पुरुष समतेच्या नजरेतून करायचा. मी सरळ 'स्त्रीवादी परराष्ट्र धोरण' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'महिलाकेंद्री' करून परत पाठवलं, म्हणे 'स्त्रीवादी' दिसलं की लोक पुढे वाचतच नाहीत. आता लेखात पुढे असं येतं की स्वीडनने २०२२ मध्ये हे नाव टाकून दिलं. मीच आधी नाव बदललं तर त्यांनी काय टाकलं हे वाचणाऱ्याला कसं कळावं? दुसरं म्हणजे स्वीडनच्या या धोरणाचे तीन आर होते, राइट्स, रिप्रेझेंटेशन, रिसोर्सेस. 'हक्क, प्रतिनिधित्व, संसाधने' बरोबर आहे पण परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. सुचवा काहीतरी.

आडवाटा
महिलाकेंद्री अजिबात नको. त्याचा अर्थ महिलांसाठीच्या योजना असा होतो. इथे प्रश्न कुणाच्या नजरेतून बघायचं हा आहे. २०१४ ला स्वीडनच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री मार्गोट वॉलस्ट्रॉमनी हे धोरण जाहीर केलं आणि दुसऱ्याच वर्षी सौदीशी वाजलं. तिथल्या मानवी हक्कांवर त्या बोलल्या, मग अरब लीगसमोरचं त्यांचं भाषण होऊ दिलं नाही, स्वीडनने सौदीबरोबरचा संरक्षण सहकार्याचा करार पुढे चालू ठेवला नाही, सौदीने राजदूत माघारी बोलावला. हे सगळं 'महिलाकेंद्री'त कुठे बसवणार?

तर्कटराव
आणि त्यानंतरही स्वीडन शस्त्रं विकतच राहिला, ते पण लिहा की. म्हणून म्हणतो, पाटी कुठलीही लावा. २०२२ ला सरकार बदललं तेव्हा नवे परराष्ट्रमंत्री हेच म्हणाले की लेबलामुळे आशय झाकला जातो.

आडवाटा
पाटीने फरक पडत नव्हता तर आल्या आल्या पहिली तीच का उतरवली मग?

वेलांटी
तीन आरसाठी तीन ह घ्या. हक्क, हजेरी, हिस्सा. लेखात फिट्ट बसेल.

पेन्सिलटोक
अगं कसलं भारी! चोरते.

कानामात्रा
भारी कसलं, तिन्ही शब्द अरबी. परराष्ट्र व्यवहाराबद्दल लिहायचं आणि शब्दच परराष्ट्राचे. महाराजांनी राज्यव्यवहारकोश काय उगाच करवून घेतला होता? 'अधिकार, प्रतिनिधित्व, साधने' यात वाईट काय आहे, अनुप्रासासाठी भाषा विकायची का.

तर्कटराव
कोश झाला खरा पण पुढे कारभार कुठल्या शब्दांत चालला? फडणवीस काय संस्कृत आहे होय.

शाईचा_डाग
अरबी-फारसी जाऊ दे, माझी अडचण 'हजेरी'ची आहे. हजेरी म्हणजे नुसतं उपस्थित असणं, शाळेत लागते ती. रिप्रेझेंटेशनमध्ये तुमच्या वतीने बोलणं, ठरवणं येतं. सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव २००० सालचा, बायकांना शांतता बोलण्यांत घ्या असं त्यात स्पष्ट आहे. तरी १९९२ ते २०१९ मधल्या मोठ्या शांतता प्रक्रिया धरल्या तर वाटाघाटी करणाऱ्यांत बायका १३ टक्के, मध्यस्थांत ६ टक्के आणि करारावर सह्या करणाऱ्यांतही ६ च टक्के. म्हणजे वाटाघाटींत बायकांचं जेवढं प्रमाण, सह्यांत त्याच्या निम्म्याहूनही कमी. 'हजेरी' म्हटलं की हाच फरक पुसला जातो.

वेलांटी
मग 'होकार-नकार' घे, ह पण राहतो :) नाहीतर हजेरीच राहू दे, निदान ती लागतच नाही हे तरी कळतं.

जुनं_पान
चर्चा छान चालली आहे. एक आठवलं म्हणून लिहितो. मराठीत वकील हा शब्द कोर्टाच्या आधी दरबारातला, एका दरबाराने दुसऱ्याकडे पाठवलेला माणूस तो वकील, म्हणून एम्बसीला आपण अजून वकिलात म्हणतो (वर्तमानपत्रवाले हल्ली हिंदीवरून 'दूतावास' लिहितात, मला नाही आवडत). आणि वकीलीणबाई म्हणजे वकिलाची बायको. मास्तरीणबाई स्वतः शिकवणारी असू शकते किंवा मास्तरांची बायको, पण वकीलीण, डॉक्टरीण या आमच्या लहानपणी बायकाच. म्हणजे दूत म्हणून बाई जाईल हे भाषेच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

आडवाटा
काका, हे अगदी विषयाच्या मध्यावर आहे. सिंथिया एन्लो म्हणून अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांचा साधा प्रश्न, या सगळ्यात बायका कुठे आहेत? तर एक म्हणजे राजदूताच्या घरात, जेवणावळी सांभाळत, बिनपगारी. अमेरिकेत १९७२ पर्यंत अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्या बायकोबद्दल शेरा असायचा, म्हणजे ती पाहुण्यांचं कसं करते, चारचौघांत कशी वागते वगैरे. नोकरी नवऱ्याची आणि परीक्षा दोघांची. एन्लोंना 'वकीलीणबाई' हा शब्द फार उपयोगी पडला असता.

कानामात्रा
आपल्याकडेही सी. बी. मुथम्मांची केस आहेच. परराष्ट्र सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. बाईला लग्न करायचं तर सरकारची लेखी परवानगी हवी असा नियम होता, त्या सुप्रीम कोर्टात गेल्या, १९७९ चा निकाल आहे. हे सगळं मान्य. पण ते सांगायला 'फेमिनिस्ट' लागत नाही, 'समानता' पुरते.

शाईचा_डाग
समानता पुरत नाही हो. भाषा बघा ना आपली. सरकारने जरा सबुरीने घेतलं की धोरण 'बोटचेपं', मग 'पुचाट', आणि दोन दिवसांत 'हातात बांगड्या भरल्यात का'. परराष्ट्र धोरणावरची निम्मी चर्चा बांगड्यांवर चालते. आता बाईच परराष्ट्रमंत्री झाली तर तिला काय म्हणणार, तिने तर भरलेल्याच आहेत. खुर्चीत बाई बसवून हे जात नाही, म्हणून 'वादी' लागतो.

तर्कटराव
म्हणी कोण एवढ्या सिरियसली घेतं.

शाईचा_डाग
घेतात. कॅरल कोन यांनी अण्वस्त्रांची आखणी करणाऱ्यांची भाषा अभ्यासली आहे. त्यांनी नोंदवलेला किस्सा सांगते. काही शास्त्रज्ञ अणुहल्ल्याची गणितं मांडत होते, तात्काळ मरणाऱ्यांचा आकडा ३ कोटी ६० लाखांवरून ३ कोटींवर आला, सगळे खूश. त्यातला एकजण एकदम म्हणाला, अरे आपण काय बोलतोय, 'फक्त' ३ कोटी? खोलीत सन्नाटा, कुणी त्याच्याकडे बघेना. नंतर तो सांगतो की फार वाईट झालं, मला आपण बाई असल्यासारखं वाटलं. इतकी माणसं मरणार हे त्याला दिसलं, ते त्याने बोलून दाखवलं, तर त्याची त्यालाच लाज वाटली. ह्या बांगड्याच झाल्या की नाही? त्या खोलीत बायकांची संख्या वाढवून किती फरक पडला असता सांगा.

पेन्सिलटोक
हे मला लेखाच्या प्रस्तावनेत हवंय. पण मंडळी, 'वादी' की 'केंद्री' याचं उद्या उत्तर द्यायचंय मला.

कानामात्रा
तसं म्हणाल तर 'विदेशनीती' घ्या. नीती स्त्रीलिंगीच आहे, विशेषणाची गरजच नाही. धोरण बिचारं नपुंसकलिंगी.

वेलांटी
हाहाहा. पण विदेशनीती हिंदीतून आलंय, तुमच्या शुद्धीत कसं चालतं ते?

कानामात्रा
विदेश आणि नीती दोन्ही संस्कृत आहेत. हिंदीने आधी वापरलं म्हणून ते त्यांचं होत नाही.

जुनं_पान
लिंगाचा विषय निघालाच आहे तर, १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' असं येत होतं, ते 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' झालं याचं मोठं श्रेय भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांना देतात. मराठीत लिहिला असता तर हा वादच झाला नसता. आपला 'माणूस' बाईलाही चालतो, बाईमाणूस म्हणतोच की. आमच्या आजीच्या तोंडी तर 'ते माणूस चांगलं आहे' असंच असायचं, मग बाई असो की बुवा.

तर्कटराव
'बाईमाणूस'मध्ये बाई वेगळी सांगावी लागते यातच आलं ना सगळं.

वेलांटी
अहो पुरुषालापण सांगतात, गडीमाणूस.

कानामात्रा
'ते माणूस' हे बोलीतलं. प्रमाण मराठीत माणूस पुल्लिंगी.

वेलांटी
मग अनेकवचन 'माणसे' कशी झाली? 'माणसे आली' हे नपुंसकलिंगी रूप आहे, 'घोडे आले'सारखं 'माणसे आले' म्हणता का तुम्ही?

कानामात्रा
याला कारण आहे, थोडं मोठं आहे, संध्याकाळी सविस्तर टंकतो.

पेन्सिलटोक
मी 'स्त्रीवादी' परत घालून पाठवलंय. आता संपादक म्हणतायत 'परराष्ट्र' जड वाटतं.