अनुभव धागा: वादळ, पूर, वीज यांच्या आधीची तयारी आणि नंतरचे दिवस

वाडीवाला

काल दुपारी जेवण आटोपून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात घरातले तिन्ही मोबाईल एकदम भोंग्यासारखे वाजले. किनारपट्टीवर सोसाट्याचा वारा सुटण्याची शक्यता असून मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा तो इशारा होता. इशारा तसा साधाच, पण आई काही न बोलता उठली आणि मागच्या पडवीतून सुंभाचे वेटोळे घेऊन आली. ३ जून २०२० पासून आमच्याकडे इशारा आला की सर्वांत आधी दोर बाहेर निघतो.

आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात, नारळी-पोफळीच्या वाडीत आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळ येणार हे आम्हाला दोन दिवस आधीपासून माहीत होते. बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता आणि होड्याही वर ओढलेल्या होत्या. पत्र्यांवर वाळूच्या गोण्या ठेवल्या, वाडीतले सुटे ओंडके उचलले, कागदपत्रे प्लॅस्टिकच्या डब्यात भरून ठेवली. छतावरचे वजन कमी व्हावे म्हणून पाण्याची टाकी मात्र मी स्वतःच्या हाताने रिकामी केली, आणि ती पुढे तीन वाड्या पलीकडे, एका विहिरीच्या कठड्याला अडकलेली सापडली.

वारा सुरुवातीला डोंगराकडून होता. मध्यान्हीनंतर तो फिरला आणि समुद्राकडून येऊ लागला, तेव्हा आधी आढ्यावरचे कोने गेले आणि मग खालची कौले ओळीने सुटत गेली. मधल्या खोलीचे दार आतून ढकलले जात होते, म्हणून आईने त्याला पाटा लावला आणि त्या पाट्यावर ती स्वतः बसून राहिली. पोफळ मोडताना ऊस मोडल्यासारखा आवाज येतो. पहिले काही आवाज आम्ही मोजले, नंतर मोजणे सोडून दिले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, हे आम्हाला पुष्कळ दिवसांनी, वीज आल्यावर कळले.

आमची सगळी तयारी त्या दोन-तीन तासांसाठी होती. वीज आली सत्ताविसाव्या दिवशी. विहीर तुडुंब भरलेली होती, पण पंप बंद होता, रहाट आम्ही दहा वर्षांपूर्वीच काढून टाकला होता आणि घरात पोहऱ्याला बांधण्याइतका लांब दोर नव्हता. शेजारच्या कोळीवाड्यातून जाळ्याचा जुना दोर मागून आणला आणि त्यावर महिना काढला. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे बागेचे दुःख आजही चालूच आहे, पण त्या महिन्यात सर्वांत जास्त लाज वाटली ती दोराची.

आपापल्या भागातले अनुभव लिहावेत. काय तयारी केली, काय चुकले आणि नंतर काय कमी पडले, हे वाचायला आवडेल.

वाशिष्ठीकाठ

आमच्या दुकानाच्या भिंतीवर २००५ सालच्या पुराची खूण वडिलांनी तेलरंगाने काढून ठेवली होती. २१ जुलै २०२१ च्या रात्री पाऊस थांबेना, तेव्हा आम्ही सर्व माल त्या खुणेच्या वर एक हात चढवला आणि निश्चिंत मनाने घरी आलो. चिपळूणमधल्या बऱ्याच व्यापाऱ्यांनी नेमके हेच केले होते. पहाटे वाशिष्ठी नदीचे पाणी बाजारात शिरले, त्यात भरतीची वेळ आली, आणि उजाडेपर्यंत ती खूण पाण्याखाली कुठे गेली ते दिसेनासे झाले. आम्ही जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसून आमचाच फ्रीज दारातून बाहेर जाताना पाहिला.

खुणेने आमचा घात केला, असे मी म्हणेन. जुना पूर लक्षात असल्यामुळे आम्ही स्वतःला जाणते समजत होतो. आता नवी खूण काढली आहे, पण मालाचे रॅक पोटमाळ्यावर हलवले आहेत आणि लाल इशारा आला की हिशेबाच्या वह्या माझ्याबरोबर घरी येतात.

एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. पावसाळ्याच्या तोंडावर दुकानाचे, घराचे आणि मालाचे फोटो काढून ते परगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवावेत. पंचनाम्याच्या वेळी आणि विम्याच्या दाव्यासाठी चिखलाचे फोटो सर्वांकडेच असतात, चिखलाच्या आधी तिथे काय होते याचे फोटो कोणाकडेच नसतात.

आयर्विनखालचा

वाशिष्ठीकाठ, आमचीही तीच गत झाली. २००५ साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते, आणि ‘त्यावर काही जात नाही’ हे आमच्या गल्लीतले ठरलेले वाक्य होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, हे सांगलीत लहान मुलालाही माहीत असते. पावसाळ्यात आमच्याकडे नमस्काराच्या आधी ‘आयर्विनला किती?’ असे विचारतात.

आम्ही बाहेर पडायला एक दिवस उशीर केला, कारण आजी म्हैस सोडून यायला तयार नव्हती. शेवटी म्हैस आणि आजी दोघींनाही माळावरच्या पाहुण्यांकडे पोहोचवले, त्यात रात्र झाली, आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी नावेतून निघावे लागले. नाववाल्याने माणसे मोजून घेतली आणि दोघांना उतरवून पुढच्या फेरीला थांबवले, तेव्हा त्याच्याशी भांडणारा मीच होतो. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली. त्या नाववाल्याची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली.

तेव्हापासून आमचा घरचा नियम असा आहे की पाणी ४० फुटांवर आले की जनावरे हलवायची, ४३ वर म्हातारी माणसे आणि ४५ ची वाट न पाहता आपण. (अलमट्टी धरणाचा विषय कृपया येथे कोणी काढू नये, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि दोराचे राहून जाईल.)

माळावरची

लातूर जिल्ह्यातून लिहीत आहे. आमच्याकडे पूर क्वचितच येतो, आमचे वैर विजेशी आहे. मृगाच्या आधीचा अवकाळी पाऊस आणि परतीचा पाऊस या दोन्ही वेळी ती हमखास माणसे आणि जनावरे नेते.

चार वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका दुपारी आभाळ आले, आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, कडब्याची गंजी उघडी होती म्हणून सासरे ताडपत्री घेऊन धावले. बैल चिंचेखाली बांधलेले होते. वीज चिंचेवर पडली, बैलांवर नव्हे, तरी दोन्ही बैल जागच्या जागी गेले आणि वीस पावलांवर असलेले सासरे झिणझिण्या येऊन खाली बसले, पण वाचले. असे का झाले, हे मला नंतर पशुवैद्यकीय डॉक्टरांनी समजावून सांगितले. वीज झाडातून जमिनीत उतरते आणि जमिनीतून चहूकडे पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत बरेच अंतर असल्यामुळे ती एका पायातून शिरून पोटातून दुसऱ्या पायात जाते. म्हणूनच माणसाने उघड्यावर सापडल्यास झाडापासून दूर, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे आणि आडवे मुळीच पडू नये. उकिडवे बसणे हा काही आसरा नव्हे, जवळ पक्के घर असेल तर आधी ते गाठावे.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मी सासऱ्यांच्या फोनवर घालून दिले आहे, पण रानात रेंज नसते, त्यामुळे त्यांना मोजायला शिकवले आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस अंक मोजून झाले नाहीत तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणून आत यायचे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पाऊल टाकायचे नाही. कडबा भिजतो आहे, भिजू द्यावा. हे वाक्य सासऱ्यांच्या गळी उतरवायला मला दोन हंगाम लागले.

कंदीलवाले काका

वाडीवाले, दोराबरोबर कंदिलाचेही लिहायला हवे होते. आमच्या घरात तीन कंदील आहेत, काचा शाबूत आहेत, वाती नव्या आहेत, आणि रॉकेल नाही. रेशनवरचे रॉकेल बंद होऊन किती वर्षे झाली, याचा हिशेब मीच विसरलो आहे.

वाडीवाला

काका, आमच्याकडे तेच झाले. शेवटी देवघरातले खोबरेल तेल वापरून पणत्यांवर रात्री काढल्या. बाजारपेठेत एकाने जनरेटर लावला होता, तिथे दहा रुपयांत एक मोबाईल चार्ज करून मिळत असे आणि रांगेत सगळे मास्क लावून उभे असत. टाळेबंदीमुळे मुंबईहून आलेले चाकरमानी शाळेत विलगीकरणात होते, आणि वादळाच्या दिवशी किनाऱ्यावरच्या लोकांनाही शाळेतच हलवायचे होते. कोणाला कोणापासून लांब ठेवायचे, हे ठरवताना सरपंचांना अक्षरशः घाम फुटला होता.

आखाती किनारा

जनरेटरचा उल्लेख आला म्हणून लिहिते. मी टेक्ससमध्ये ह्यूस्टनला राहते, आणि २०१७ मधले ‘हार्वे’ व २०२४ मधले ‘बेरिल’ ही दोन्ही वादळे घरात बसून काढली आहेत. येथे वादळानंतर घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात. त्या वायूला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. कोकणात पाऊस लागू नये म्हणून जनरेटर पडवीत ठेवतात आणि माजघराचे दार उघडे असते, हे मी सुट्टीत आले असताना स्वतः पाहिले आहे. तो घरापासून दूर, खिडक्यांपासून लांब, उघड्यावर आडोसा करूनच ठेवावा.

आणखी एक येथली युक्ती आहे. वाटीभर पाण्याचा फ्रीझरमध्ये बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवावे. घर सोडून गेलात आणि परतल्यावर नाणे बर्फात तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात सारे वितळून पुन्हा गोठले आहे, असे समजून आतले अन्न टाकून द्यावे.

कंदीलवाले काका

ताई, आमच्या फ्रीझरमध्ये सध्या सुरमई आहे. नाणे आजच ठेवतो.

विरार लोकल

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस. मी अंधेरीहून बोरिवलीपर्यंत चालत गेले. आम्ही अकरा अनोळखी माणसे एकमेकांचे हात धरून रांगेने चाललो होतो, आणि सर्वांत पुढच्या गृहस्थांनी छत्री मिटून तिचे टोक दर पावलाला जमिनीवर टेकवत मॅनहोल चाचपली. मधूनच ते मागे वळून ‘उजवीकडून या’ असे ओरडत आणि तो निरोप रांगेतून मागे जाई. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले. वाटेत काचा बंद केलेल्या गाड्या दिसत होत्या. त्या रात्री अशा काही गाड्यांमध्ये माणसे गुदमरली, हे दुसऱ्या दिवशी वाचले, कारण पाण्याचा दाब आला की दार उघडत नाही आणि वीज गेली की काचही खाली होत नाही. तेव्हापासून आमच्या गाडीत पुढच्या कप्प्यात एक हातोडी असते, आणि पाणी चाकाच्या अर्ध्यापर्यंत आले की गाडी तिथेच सोडून चालू लागायचे असे ठरले आहे.

ऑफिसच्या कपाटात जुने बूट आणि बिस्किटांचा पुडा अजूनही असतो. नवीन मुली हसतात.

परिचारिका

पूर ओसरल्यानंतरचे चार शब्द लिहिते, कारण आमचे काम तेव्हा सुरू होते. गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्या माणसाला आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला आणि पोटऱ्या दुखू लागल्या, तर साधा ताप म्हणून अंगावर काढू नये, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या दूषित पाण्यातून होणारा आजार) असू शकतो. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, आणि उतरावेच लागले तर गमबूट घालून उतरावे. पुराच्या पाण्यातून गेला असाल तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात सांगावे, प्रतिबंधाची गोळी घ्यायची की नाही ते तेथील डॉक्टर ठरवतील. विहिरीच्या पाण्यात मेडिक्लोर हे जंतुनाशक टाकून ते अर्धा तास ठेवावे. भांड्यांच्या रॅकमागे आणि चुलीच्या राखेत हात घालण्याआधी काठी फिरवावी, कारण पाण्याबरोबर सापही आसरा शोधत घरात येतात.

वादळानंतर आमच्याकडे वाऱ्यापेक्षा शिडीने जखमी झालेली माणसे जास्त आली होती. ओल्या वाशावर कौले चढवायची घाई करू नये. तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असे समजू नये, आणि मदत लागल्यास ११२ किंवा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर पेनने लिहून ठेवावा, कारण मोबाईल बंद पडला की शेजाऱ्याच्या फोनवरून लावायला क्रमांक पाठ नसतो.

माळावरची

वाडीवाले दादा, एक शंका आहे. आमच्याही आखाड्यावर पत्र्याच्या खोलीवर हजार लिटरची टाकी आहे. वाऱ्याच्या वेळी ती भरून ठेवावी की रिकामी?

वाडीवाला

ताई, भरून. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते वारा उचलत नाही, आणि नंतर तेच पाणी प्यायलाही होते. मात्र टाकी नुसत्या पत्र्यावर असेल तर आधी खाली उतरवून चौथऱ्यावर ठेवावी. आमची आता मोरीच्या स्लॅबवर आहे.

येथे वारा सुटला आहे, पण अजून खेळताच आहे. आईने दोराला पोहरा बांधून ठेवला आहे आणि मला कोन्यांवर गोण्या ठेवायला हाक मारते आहे. बाकीचे प्रतिसाद रात्री वाचतो, वीज असली तर.