गूयी युआनचा तीन कोपऱ्यांचा मंडप

शांघायच्या यू युआन या बागेत झाडांपेक्षा माणसंच जास्त दिसतात, अशी तक्रार ऐकू येते, ती शंभर टक्के मान्य. पण शांततेसाठी थेट बागांचं शहर सूचौ गाठायची गरज नाही. मेट्रोच्या ११ नंबरच्या लाइनने नानश्यांगला उतरा. तिथे गूयी युआन ही बाग आहे, मिंग राजवटीच्या काळातली, जिकडेतिकडे बांबू. मी मंगळवारी सकाळी गेलो, तर व्यायाम करणारे चार आजोबा आणि वाऱ्याची सळसळ, बस्स.

टेकाडावरचा चौकोनी मंडप चुकवू नका. छपराचे तीन कोपरे आवळलेल्या मुठींसारखे वर उठलेले, चौथा, ईशान्येचा, नाहीच! मला वाटलं, पडझड झाली असेल. पण १९३१ मध्ये जपानने चीनचा ईशान्य भाग गिळला, म्हणून गावकऱ्यांनी तो मुद्दामच तसा बांधला. आणि हो, श्याओलोंगबाओ, म्हणजे आत रस्सा असलेले वाफवलेले मोमोसारखे गोळे, मूळचे इथलेच. आतला रस्सा जीभ भाजतो, जरा जपून.