मदत हवी आहे: चोक काढला की गाडी बंद पडते

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, व्हॅक्यूमवाला कार्बोरेटर. पावसाळाभर भांडुपला उघड्यावर उभी होती. फ्लोट बाउलचा (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) ड्रेन स्क्रू सोडला तर पेट्रोलखाली पाण्याचा थर. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे टाकीही रिकामी करून घेतली.

आता चोकवर (म्हणजे जादा पेट्रोलवर) लगेच चालू होते, चोक काढला की बंद. अर्ध्या थ्रॉटलला मात्र छान ओढते, म्हणजे मेन जेट (थ्रॉटल उघडल्यावर पेट्रोल देणारा) आणि डायफ्रामवर (व्हॅक्यूमने उचलला जाणारा रबरी पडदा) संशय नाही. प्लग पांढरट, म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी). पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा) काढून क्लीनर आणि हवेच्या प्रेशरने साफ केला (तार घातली नाही, तारेने भोक मोठं होतं). मिक्श्चर स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण कमीजास्त करणारा) हलकेच टेकवून दोन फेरे बाहेर ठेवलाय. फिरवला तरी काहीच फरक नाही. इनटेकच्या रबरावर क्लीनर मारून पाहिला, आवाज बदलत नाही, म्हणजे तिथून हवा घेत नसावी.

माझ्या मते बटरफ्लायजवळची (थ्रॉटलची झडप) बायपासची, म्हणजे आयडलिंगच्या वाटेची, बारीक भोकं तुंबलीत. ती कशी मोकळी करता? अल्ट्रासोनिकने साफ करून देणारं मुंबईत कोणी खात्रीचं आहे का? मिक्श्चर स्क्रूची ओ-रिंग फुगलीय. इथेनॉलला टिकणारी, व्हायटन रबराची, कुर्ल्याला सीएसटी रोडवर सुटी मिळेल का?